कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटाला क्रूझ एकच दिवस थांबते. पोहता येत नसेल तर समुद्री जीव जवळून पाहता येतील का?

येतील, आणि चांगले येतील. तुम्ही लिहिलंय की जहाज सकाळी पोहोचून दुपारी निघतं, बरोबर सत्तरीच्या घरातले आईवडील आणि आठ वर्षांची मुलगी आहे, आणि एका एजंटाने 'डॉल्फिनबरोबर पोहा' हे पॅकेज गळ्यात मारायचा प्रयत्न चालवलाय. ते सोडा. आम्ही सासूबाईंना आणि मुलांना घेऊन गेलो होतो, त्यावरून सांगते: पैसे आणि वेळ पाकटांवर, म्हणजे स्टिंगरे या चपट्या, लांब शेपटीच्या माशांवर खर्च करा.

बेटाच्या उत्तरेला नॉर्थ साउंड नावाची मोठी उथळ खाडी आहे. प्रवाळाची रांग बाहेरच्या लाटा अडवते, त्यामुळे आतलं पाणी शांत. पूर्वी मासेमारी करून परतणारे कोळी इथेच होड्या थांबवून मासे साफ करायचे आणि आतडी-डोकी पाण्यात टाकायचे. ते खायला पाकटं येऊ लागली. इंजिनाचा आवाज म्हणजे खाणं, हे गणित त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. 1980 च्या दशकात डायव्हर त्यांना हाताने भरवायला लागले आणि बघता बघता हे बेटाचं सगळ्यात मोठं आकर्षण झालं. नाव पडलं स्टिंगरे सिटी.

या नावाखाली दोन वेगळ्या जागा विकल्या जातात, तेव्हा बुकिंग करताना विचारून घ्या. एक डायव्हिंगची, साधारण 12 फूट खोल. ती तुमच्या कामाची नाही. दुसरी म्हणजे सँडबार, वाळूचा दांडा. तिथे मोठ्या माणसाच्या कमरेएवढं पाणी असतं. खाडीच्या मधोमध बोटीची शिडी उतरायची आणि चक्क उभं राहायचं. तुमच्या मुलीला मात्र ते छातीपर्यंत येईल, लाट आली तर आणखी वर. तिला लाइफ जॅकेट घालाच आणि एकाने फक्त तिच्याकडे लक्ष द्या.

आता भीतीचं. 2006 साली ऑस्ट्रेलियात टीव्हीवरच्या 'क्रोकोडाइल हंटर' स्टीव्ह अर्विनचा पाकटाच्या काट्याने मृत्यू झाला, तेव्हापासून सगळ्यांच्या मनात तेच असतं. काटा यांनाही असतो, शेपटीवर, आणि विषारी असतो. पण तो हल्ल्यासाठी नाही, अंगावर पाय पडला तर बचावासाठी आहे. म्हणून पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूत घासत पुढे सरकायचं. पायाची चाहूल लागली की पाकट आपणच बाजूला होतं. शेपटीला हात लावायचा नाही, एवढं पाळलं की झालं. बूट आणि हातमोजे तिथे चालत नाहीत, आणि पाकटाला पाण्याबाहेर उचलायला मनाई आहे. फोटोसाठी कुणी उचलायला लागलं तर खुशाल अडवा.

आमच्या सासूबाई मूळच्या रत्नागिरीच्या. बोटीच्या काठावरून पहिली काळी सावली दिसली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, हे तर पाकट! याचं तिखलं करतात." आणि सगळ्यांच्या आधी त्याच पाण्यात उतरल्या. पाकट पायाला घासून जातं तेव्हा पहिल्यांदा किंचाळी येतेच, लाजू नका. पोटाची बाजू सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी गुळगुळीत लागते, पाठीची जरा खरखरीत. मोठ्या दिसतात त्या बहुतेक माद्या, दीड मीटरपर्यंत रुंद होतात. नर बरेच लहान. डोळे वर आणि तोंड खाली, त्यामुळे आपण काय खातोय हे त्यांना दिसतच नाही. वास आणि भक्ष्याच्या शरीरातली सूक्ष्म वीज यांवरून त्या अन्न शोधतात. भरवताना माखलीचा तुकडा बंद मुठीत धरून वरचं टोक तेवढं बाहेर ठेवायला सांगतात. बोटं पसरलीत तर तीही ओढली जातील. चावा नसतो, पण चिरडणाऱ्या पट्ट्या असतात, चिमटा चांगलाच बसतो. पाकटाचा मुका घेतला की सात वर्षं नशीब फळफळतं, असं गाइड सांगतात. ज्याची त्याची हौस.

हे सगळं अगदी नैसर्गिक आहे असं मी म्हणणार नाही. ही पाकटं मूळची रात्री आणि एकेकटी शिकार करणारी. इथे ती भरदिवसा घोळक्याने येतात, ती आपल्यामुळे. तरीही कुंपण नाही, कंटाळली की निघून जातात. टाकीत किंवा जाळीत कोंडलेल्या डॉल्फिनला ती सोय नसते, म्हणून माझा कल इकडे. शक्य असेल तर सकाळची पहिली बोट घ्या. त्या दिवशी बंदरात किती जहाजं आहेत याचं वेळापत्रक आधीच कळतं. चार-पाच असतील तर दुपारी दांड्यावर पाकटांपेक्षा माणसं जास्त दिसतात.

बऱ्याच बोटी पुढे स्टारफिश पॉइंटला नेतात. आईवडिलांना ते जास्त आवडेल. घोट्या-गुडघ्याएवढं पाणी आणि तळाला केशरी-तपकिरी रंगाचे जाडजूड तारामासे. फक्त वाकून बघा. ते पाण्यातूनच श्वास घेतात. फोटोपुरतं बाहेर काढणंही त्यांच्या जिवावर बेतू शकतं. मध्ये प्रवाळाजवळ स्नॉर्केलिंगचा थांबा असला तर लाइफ जॅकेट घालून, शिडीला धरून तोंड पाण्यात घाला. पोपटमासा दगडी प्रवाळ कुरतडताना ऐकूसुद्धा येतो. त्याने खाल्लेलं प्रवाळ वाळू होऊन बाहेर पडतं, तिथल्या पांढऱ्या वाळूचा बराच भाग असा.

कासव केंद्राबद्दल विचारलंयत. 1503 मध्ये कोलंबसाला इथली धाकटी बेटं दिसली तेव्हा समुद्रात इतकी कासवं होती की त्याने त्यांना 'लास तोर्तुगास' म्हटलं. पुढे जहाजांनी ती खाऊन संपवत आणली. आजचं केंद्र 1968 साली सुरू झालं तेच मुळी मांसासाठी हिरवी कासवं वाढवायला, आणि ते काम अजून चालतं. कासवाचा रस्सा हा तिथला राष्ट्रीय पदार्थ आहे. काही पिल्लं समुद्रात सोडतातही. कोकणात वेळासला अंडी राखून सगळी पिल्लं समुद्रात जाताना पाहिलेल्या माणसाला तिथल्या टाक्या पचत नाहीत. मुलीला नेणार असाल तर आधी खरं सांगून न्या. खायचंच असेल तर लायनफिश मागवा. तो मूळचा आपल्याकडच्या हिंदी-प्रशांत भागातला, कॅरिबियनमध्ये घुसून स्थानिक माशांची पिल्लं फस्त करतोय, त्यामुळे तो खाल्लेला तिथे सगळ्यांनाच हवा असतो.

जाता जाता कामाच्या गोष्टी. जॉर्जटाउनला, म्हणजे बेटावरच्या राजधानीच्या बंदराला, क्रूझसाठी धक्का नाही, जहाज समुद्रात उभं राहतं आणि छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर जावं लागतं. चढताना-उतरताना बोट हलते, आईवडिलांचा हात धरा, उलटीची गोळी अर्धा-पाऊण तास आधी द्या. वारा फार असेल तर कॅप्टन थांबा रद्दही करतो, म्हणून बाहेरून बुकिंग केलंत तर पैसे परत मिळण्याची अट वाचून घ्या. मायामीहून निघून मायामीलाच परतणार असाल तर अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा हवा. सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचे स्विमिंगचे टीशर्ट बरे. आणि फोनवरची आपोआप बदलणारी वेळ बंद करा: केमनमध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, त्यामुळे मार्च ते नोव्हेंबर बेटाची वेळ फ्लोरिडाच्या एक तास मागे असते, आणि शेवटची टेंडर जहाजाच्या घड्याळाप्रमाणे सुटते.