‘दक्षिणावर्त’ म्हणजे नेमकं कुठल्या बाजूने?

म्हापशाच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका मराठीत करताना त्यांनी ‘दक्षिणावर्त फिरवावे’ असं लिहिलं. ते वाचून मेस्त्री म्हणाला, ‘दक्षिण म्हणजे मडगावच्या बाजूने?’ ‘घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने’ या लांबलचक प्रयोगाला आटोपशीर पर्याय आहे का, आणि घड्याळं येण्याआधी आपण काय म्हणत होतो?

मेस्त्रीची शंका रास्त आहे. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात दक्षिणेला येतो, म्हणून संस्कृतात दक्षिण ही दिशाही आणि उजवी बाजूही. हा दुसरा अर्थ बोलण्यातून गेला, पण प्रदक्षिणेत टिकला. शांतादुर्गेच्या देवळात देवी उजव्या हाताला ठेवून आपण फेरी घालतो. ती वरून पाहिली तर काट्यांच्याच दिशेने होते. (शंकराच्या देवळातली सोमसूत्री प्रदक्षिणा अर्ध्यावरून मागे फिरते, तिला या हिशेबात धरायचं नाही.) म्हणजे दिशेचं नाव आपल्याकडे होतंच, फक्त त्याचा घड्याळाशी संबंध नव्हता. कसा असणार? आपलं जुनं साधन घटिकापात्र. बुडाला बारीक भोक असलेलं भांडं पाण्यावर सोडायचं, ते बुडालं की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं झाली. अशा ६० घटकांचा अहोरात्र. त्यात फिरणारं काहीच नव्हतं.

काट्यांची दिशा युरोपातून आली. तिचं नेहमी दिलं जाणारं कारण असं की तिथे आधी सूर्यघड्याळं होती आणि उत्तर गोलार्धात जमिनीवर पडणारी सावली पश्चिमेकडून उत्तरेवरून पूर्वेकडे सरकते. लोकांच्या नजरेला सवय तीच, म्हणून यंत्राच्या तबकडीवरही तीच आली.

यंत्राला मात्र कुठलीही दिशा चालते. चावी दिली की स्प्रिंग गुंडाळली जाते आणि उलगडताना दातेरी चाकं फिरवू बघते. लंबकाबरोबर हलणारा अडसर दर झोक्याला एकच दात सुटू देतो, टिकटिक होते ती त्याचीच. (लंबक घड्याळात आणला तो डच शास्त्रज्ञ ह्युगेन्सने, १६५६ साली.) आता एकमेकांत अडकलेली दोन चाकं नेहमी विरुद्ध दिशांना फिरतात. मिनिटकाट्याचं चाक मधलं एक चाक उलटं फिरवतं, त्या मधल्या चाकावरची लहान दातेरी तासकाट्याचं चाक पुन्हा सुलट फिरवते, आणि या दोन टप्प्यांत वेग बारा पटींनी उतरतो. मिनिटकाट्याच्या आधी कारागिराने एक चाक वाढवलं असतं तर दोन्ही काटे उलटे फिरले असते. तशी घड्याळं आहेतही. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमधलं, पाओलो उच्चेल्लोने १४४३ मध्ये रंगवलेल्या चोवीस तासांच्या तबकडीचं घड्याळ उलटं चालतं. दक्षिण गोलार्धातल्या बोलिव्हियाने तर २०१४ मध्ये ला पाझच्या संसदेवरचं घड्याळ मुद्दाम उलटं केलं.

आपल्या गोव्यात सावलीचं गणित आणखी मजेशीर आहे. आपण साधारण साडेपंधरा अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरेच खाली. मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या दोन तारखांच्या मधल्या काळात तो माध्यान्हीला आपल्या उत्तरेला असतो. अंगणात उभी काठी रोवा. डिसेंबरात तिची सावली घड्याळासारखी फिरेल. जूनमध्ये, पाऊस उघडला तर, ती दक्षिणेकडून वळून पूर्वेला जाईल, म्हणजे एकंदरीत उलटी. बारमाही सुलट सावली हवी तर कर्कवृत्ताच्या वर जायला हवं.

आता शब्दाकडे. काहीजण ‘सव्य’ सुचवतील. कृपा करून तो नको. संस्कृतात सव्य म्हणजे मुळात डावा. डाव्या हातानेही बाण मारतो म्हणून अर्जुन सव्यसाची. पुढे कोशांनी त्याला उजवा हाही अर्थ दिला. मराठीत उरलं ते ‘सव्यापसव्य’, म्हणजे नसता उपद्व्याप, आणि वाचकावर तोच ओढवेल. ‘दक्षिणावर्त’ शास्त्रीय लेखात शोभतो, पण शंखाच्या बाबतीत गोत्यात आणतो: पूजेतल्या दुर्मीळ दक्षिणावर्ती शंखाला प्राणिशास्त्रज्ञ डावा म्हणतात, कारण ते शंख टोक वर करून धरतात आणि आपण खाली करून. ‘प्रदक्षिणेच्या दिशेने’ हा माझ्या मते सर्वांत अस्सल मराठी प्रयोग. बोलताना जरूर वापरा. पंपाच्या पुस्तिकेत तो जरा सोवळ्यातला वाटेल.

पुस्तिकेत नटासाठी दिशा सांगायचीच गरज नाही. ‘आवळा’ आणि ‘सैल करा’ एवढं पुरे. आटे उलटे असतील, सायकलच्या डाव्या पायडलचे असतात तसे, तरच वेगळं सांगा. मोटर कुठे फिरते ते मात्र लिहावंच लागेल, आणि तिथे लांबलचक ‘घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने’च बरं, शाळेपासून सगळ्यांना ते कळतं. फक्त कुठून पाहायचं तेही लिहा. छताचा पंखा खालून उलटा दिसतो, तोच वरून पाहिला तर सुलट. तेव्हा वाक्य असं करा: ‘मोटरच्या पंख्याच्या बाजूने पाहिल्यास दांडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरला पाहिजे.’ अर्थात मूळ पुस्तिकेत कुठली बाजू धरली आहे ते आधी तपासून.