नाळेचं टोक बघायला विसरू नकोस

प्रसूतिगृहात नवीन आहेस म्हणून सांगते. नाळ कापली की टोक गॉजने पुसून नीट बघायचं. रक्तवाहिन्यांची तीन तोंडं दिसली पाहिजेत. दोन धमन्या: बारीक, जाड भिंतीच्या, जराशा वर आलेल्या. नीला एकच, रुंद नि सैल. इथे शुद्ध रक्त नीला आणते, धमन्या नव्हेत. तोंडी परीक्षेत इथेच भलेभले गडबडतात! भोवतीचा पांढुरका, बुळबुळीत गर म्हणजे व्हार्टन जेली. नाळ पिळली, दबली तरी रक्तवाहिन्या चेपू नयेत, हे तिचं काम. पोटात वाढ खुंटलेल्या बाळांत ती बरेचदा कमी असते, नाळ हाताला बारीक लागते. धमनी एकच दिसली तर केसपेपरवर लिही आणि बालरोगतज्ज्ञांना लगेच कळव. मूत्रपिंड, हृदय तपासायचं का, ते ठरवतील.