बाजारात मिळालेली जुनी नक्षीदार सुरई खरी चांदीची आहे का, कसं ओळखावं?

तुम्ही लिहिलंय, इंग्लंडमधल्या रविवारच्या बाजारात ४० पौंडांना सुरई घेतली, विकणारा 'सोळाव्या शतकातली चांदी' म्हणाला, पण मुठीवर तांबूस डाग दिसतोय. त्या डागातच उत्तर आहे. वर चांदीचा मुलामा, खाली तांबं.

आता आत टॉर्च मारून बघा. ठोकून काढलेल्या नक्षीला आतून हातोडीच्या खुणा असतात. त्याऐवजी खरखरीत, दाणेदार तांबं दिसलं, तर ती बहुधा इलेक्ट्रोटाइप आहे, म्हणजे विजेनं घडवलेली नक्कल. मूळ वस्तूचा गटापर्चासारख्या (झाडाच्या चिकाचा, रबरासारखा) पदार्थात साचा घ्यायचे, त्याला आतून ग्राफाइट चोळायचे आणि मोरचुदाच्या द्रावणात टांगून वीज सोडायचे. साच्यात तांब्याचा थर साचत जाई. मग तुकडे डाखून वर चांदी किंवा सोनं चढवायचं. साचा थेट मूळ वस्तूवरून, त्यामुळे तिच्यावरचा ओरखडासुद्धा नकलेत उतरतो!

यात नाव बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीचं. विद्युत विलेपनाचं, म्हणजे विजेनं धातूचा थर चढवण्याचं, त्यांचं पेटंट १८४० चं. पुढे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमसाठी (आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) त्यांनी अशा नकला केल्या. गंमत म्हणजे जुन्या इंग्लिश चांदीसाठी त्यांना थेट मॉस्को गाठावं लागलं. १६४० च्या दशकातल्या यादवीत इंग्लंडमधली कितीतरी भांडी वितळवून नाणी पाडली गेली, पण झारच्या खजिन्यात गेलेली क्रेमलिनमध्ये शाबूत राहिली. त्यातल्या १६००-०१ च्या लंडनी बिबट्याची (हो, बिबट्याच्या आकाराची सुरई) नक्कल आज लंडनला बघता येते. विम्बल्डनच्या महिला विजेतीला मिळणारं तबकही एल्किंग्टननंच १८६४ साली केलेलं, जुन्या कथलाच्या तबकाबरहुकूम. ते मात्र चांदीचं आहे.

म्हणून माझ्या मते 'नकली' म्हणून नाक मुरडू नका. सोळाव्या शतकातली म्हणून विकली ही लबाडी विकणाऱ्याची, सुरईची नाही.

एक कळकळीची विनंती: घासू नका. माझं पहिलं इलेक्ट्रोटाइप तबक मी घरच्या सवयीनं चिंच-रांगोळीनं लख्ख केलं. मधल्या नक्षीतल्या देवीचं नाक आणि दोन्ही गुडघे तांब्याचे झाले. मऊ सुती फडक्यानं पुसलं की पुरे.

बुडाशी एल्किंग्टनचं नाव किंवा मुकुटाचा छोटा ठसा दिसतोय का? त्याचा जवळून फोटो टाका, मग पुढचं सांगतो.