हेलो या परग्रहवासीयांशी लढायच्या शूटिंग गेमच्या मालिकेतला नवा गेम चांगला आहे की नुसत्या नावावर खपतोय, हे कशावरून ओळखायचं?

ग्राफिक्स आणि कथा जरा बाजूला ठेवा आणि एकच चकमक दोनदा खेळा. 2001 च्या पहिल्या हेलोपासून ही मालिका उभी आहे ती बंदूक, ग्रेनेड आणि जवळून हाणलेला ठोसा या तिघांच्या मेळावर. जवळ बंदुका दोनच, त्यामुळे काय उचलायचं आणि काय टाकायचं हे सतत ठरवावं लागतं.

डिफिकल्टी हिरोइक ठेवा. नॉर्मलवर चुका खपून जातात, लेजंडरीवर आडोशामागून डोकंच वर काढवत नाही. एक एलीट (अंगावर ऊर्जेचं कवच म्हणजे शील्ड असलेला दांडगा शत्रू) आणि भोवती चार-पाच ग्रंट (बुटके, कमकुवत शत्रू) अशी जागा गाठा. आधी एलीटला घ्या: प्लाझ्मा पिस्तुलाचा ट्रिगर दाबून धरा, चार्ज झालेला गोळा सोडा, शील्ड गेलं की लगेच दुसऱ्या बंदुकीने डोक्यात. म्होरक्या पडला की ग्रंटांची पळापळ व्हायलाच हवी. मग चेकपॉइंट रिलोड करून तीच चकमक ग्रंटांपासून सुरू करा. एलीट या वेळी बाजूने चालून आला, लढाई वेगळी रंगली, तर गेमचा पाया पक्का समजा.

हेलो 4 (2012) नेमका इथे कमी पडला. त्यातल्या प्रोमिथियन नाइट या यांत्रिक शत्रूला मार बसला की तो टेलिपोर्ट होऊन निसटतो. वर उडणारा वॉचर तुमचा ग्रेनेड झेलून परत फेकतो, मेलेल्या नाइटलाही उठवतो. मग दरवेळी आधी वॉचर, नंतर नाइट, दुसरा मार्गच नाही. हेलो 5 ने तर वॉर्डन इटर्नल हा एकच बॉस पुन्हा पुन्हा समोर आणला. हेलो इन्फिनिटच्या (2021) ग्रॅपलशॉटने, म्हणजे दोरीला बांधलेल्या आकड्याने, मात्र जीव आणला: लांबचा फ्यूजन कॉइल (स्फोटक डबा) ओढून शत्रूवर फेकता येतो, थेट एलीटच्या अंगावर झेप घेता येते. निव्वळ लढाईपुरतं बोलायचं तर मी त्याला हेलो 3 च्या पंगतीत बसवेन. बाहेरचा प्रदेश सगळा एकाच छापाचा, आतले बोळही तसेच, ही त्याची खरी उणीव.

मल्टिप्लेअरमध्ये सगळ्यांची सुरुवात सारख्याच बंदुकांनी होते का आणि रॉकेट लाँचरसाठी मॅपवर झुंजावं लागतं का, एवढं पाहा. हेलो 4 च्या लोडआउटनी, म्हणजे प्रत्येकाने आधीच निवडून आणलेल्या शस्त्रसंचांनी, ती चुरस बरीच घालवली.

जोडीने खेळणार असाल तर नुसतं ‘को-ऑप’ (एकत्र खेळण्याची सोय) वाचून पैसे भरू नका. हेलो 5 मध्ये स्प्लिट-स्क्रीन, म्हणजे एकाच पडद्याचे भाग करून खेळणं, नाहीच. इन्फिनिटच्या कॅम्पेनला (कथेच्या भागाला) ऑनलाइन को-ऑप आलं ते नोव्हेंबर 2022 मध्ये, आणि स्प्लिट-स्क्रीन मल्टिप्लेअरला असली तरी कॅम्पेनला अधिकृतपणे कधीच मिळाली नाही.