डब्याच्या सुट्टीत माझा क्यू काय?

"मॅडम, बाकी सगळं ठीकय हो, पण ह्याला एक पण मित्र नाही. आमच्यानंतर कसं व्हायचं?" ऑटिझम असलेल्या मुलांचे आईबाबा समोर बसले की दहा मिनिटांत गाडी इथेच येते. या महिन्यात तिसऱ्यांदा ऐकलं, म्हटलं आता लिहूनच टाकू.

आठवीतला मुलगा. धाकटी बहीण दादा म्हणते म्हणून आपणही दादाच म्हणू. पाठांतर जबरदस्त, पण पोरं गप्पा मारत असली की मध्येच घुसून पंख्यांचे मॉडेल सांगायला लागायचा, मग पोरं हसायची आणि हा घरी येऊन गप्प. आईने वर्षभर घोकून घेतलं होतं, हॅलो म्हण, डोळ्यात बघ, हसून बोल. वर्गात शून्य उपयोग.

मी कॉलेजात एकांकिका केलेली बाई, त्यामुळे माझा ओढा नाटकाकडे, लपवत नाही. सायकोड्रामा म्हणजे नाटकातून मानसोपचार, तो सुरू करणारे मोरेनो म्हणायचे की माणूस आधी भूमिका करतो आणि त्यातून त्याचा 'मी' घडतो, मला ते मनापासून पटतं. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात ब्लाईथ कॉर्बेट यांनी ऑटिझम असलेल्या मुलांना नाटकाचा उपयोग होतो का ते नीट तपासून बघितलंय, 8 ते 14 वयाची 30 मुलं, दहा सेशन, आणि सोबत ऑटिझम नसलेली, आधी शिकवून तयार केलेली मुलं. चेहरे लक्षात राहणं, इतरांबरोबर खेळणं, यात फरक दिसला. माझा ग्रुप सहाच जणांचा, तीन ऑटिझम असलेली, तीन नसलेली, दर शनिवारी तीच सतरंजी, तीच वेळ, सुरुवात आरशाच्या खेळानेच.

दादाला दोन आठवड्यांत सगळ्यांचेच संवाद पाठ. कोणी अडखळलं की हा पलीकडून ओरडून वाक्य पूर्ण करणार! पोरं वैतागली. मी त्याला प्रॉम्प्टर केलं, विंगेत उभं राहायचं, कुजबुजायचं, आणि समोरचा खरंच विसरला असेल तरच.

त्याने विचारलं, "विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे कसं कळणार?"

मला उत्तर देता येईना. आपल्याला ते आपोआप कळतं म्हणून कोणी कधी शब्दात मांडलेलंच नसतं. मी प्रश्न पोरांकडे टाकला. एक म्हणाला मी विसरलो की छताकडे बघतो, एक म्हणाली मी ओढणी पिळते. दादाने वहीत प्रत्येकाच्या नावापुढे लिहून घेतलं. पुढच्या शनिवारी तो चेहऱ्यांकडे टक लावून बघत होता, कोणी 'डोळ्यात बघ' म्हटलेलं नसताना! त्याला बघायला कारण मिळालं होतं.

मग एक दिवस निघताना दारात थांबून म्हणाला, "नाटकात सगळं लिहिलेलं असतं. डब्याच्या सुट्टीत माझा क्यू काय?"

क्यू म्हणजे आपलं वाक्य कधी सुरू करायचं त्याची खूण. इतक्या वर्षांच्या कामात हा प्रश्न मला स्वतःला सुचला नव्हता. आपण म्हणतो ह्याला मिसळायचं नसतं. अहो, त्याला एन्ट्री कुठे घ्यायची तेच दिसत नाही.

मग आम्ही डब्याची सुट्टीच बसवली. बोलणारा थांबला आणि डब्यात हात घातला, हा क्यू. "मी बसू का?" हे वाक्य. आणि "नाही, जागा नाही" याचीसुद्धा तालीम, पाच-सहा वेळा, कारण नकाराची प्रॅक्टिस कोणीच करून घेत नाही.

एकदा आईला दादा केलं आणि दादाला आई. तो सुरू झाला, "डोळ्यात बघ. बघ ना. बघून बोल!" हुबेहूब तिचा आवाज. ती हसता हसता रडायलाच लागली. तो शांतपणे म्हणाला, "बघितलं की मला ऐकू येत नाही." त्या दिवसापासून घरात ते वाक्य बंद.

तर विचारणाऱ्या पालकांना माझं सांगणं, नाटक लावा पण 'नॉर्मल' दिसायची अ‍ॅक्टिंग शिकवायला नको, दिवसभर तसं वावरून ही मुलं पार थकतात. स्नेहसंमेलनात थेट स्टेजवर ढकलू नका. मेकअप, झगझगीत लाईट, टाळ्यांचा कडकडाट हे काहींना अक्षरशः सोसत नाही, आमच्याकडे टाळ्यांऐवजी हात वर करून हलवतात. कॉस्च्युम आठवडाभर आधी घरी घालून बघा. पडद्यामागचं काम म्हणजे कमीपणा नाही. आणि बाकीची मुलं हवीतच, शिकायचं त्यांनाही असतं, ओढणी पिळते हे त्या मुलीने सांगितलं म्हणून तर जमलं.

दादा आता आठवड्यातून दोन-तीनदा पोरांबरोबर डबा खातो. आई विचारते रोज का नाही. वहीत त्याने लिहिलंय, "गुरुवार. सीन: मी एकटा. संवाद नाहीत."