डिजरीडू ऐकत ध्यानाला बसताय? आधी एवढं करा

निवड छान आहे! डिजरीडू म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचं लांब, पोकळ लाकडी फुंकवाद्य. फक्त ते फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. डिजरीडूचा मूळ स्वर साधारण ६० ते १०० हर्ट्झचा, म्हणजे अगदी खालचा. एवढ्याशा स्पीकरमधून तो जवळजवळ येतच नाही, उरते नुसती घरघर. "ऐकून काहीच वाटलं नाही" ही नवख्यांची तक्रार बहुतेक इथूनच येते. कान झाकणारे हेडफोन घ्या.

खर्ज पुरेसा जाणवत नाही म्हणून आवाज वाढवत नेऊ नका, डोकं जड होतं. खोलीतलं हळू बोलणं ऐकू येईल इतकाच ठेवा.

सुरुवातीला:
- १० मिनिटं पुरेत.
- सोबत एकच निसर्गध्वनी, पाऊस किंवा समुद्र. पक्षी, झरा, गडगडाट एकत्र आले की कान प्रत्येकामागे धावतो.
- रेकॉर्डिंग आधी डाउनलोड करा. मध्येच जाहिरात वाजली की दचकायला होतं.

वादक गालातली हवा फुंकत असतानाच नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर अखंड राहतो. तुमचा श्वास त्याच्याशी जुळवायला जाऊ नका, धाप लागेल. तानपुरा मागे वाजतो तसा तो वाजू द्या.

आणखी एक. उत्तर ऑस्ट्रेलियात, आर्नहेम लँडमधले योल्ङू लोक या वाद्याला यिडाकी म्हणतात. त्यांचं वादन गाण्या-नाचाच्या साथीचं, जोरकस तालाचं असतं. ते जरूर ऐका, पण वेगळा वेळ काढून, पूर्ण लक्ष देऊन. ध्यानासाठी संथ, लांब सुरांचं वादन शोधा.