हिरड्या आवळणारी बोर्दो जास्त टिकते का?

फ्रान्सच्या बोर्दो भागातली लाल वाइन आणि तिथलीच सोतेर्न ही गोड पांढरी वाइन, यांबद्दल प्रश्न असा आहे: '२०१९ची बोर्दो चाखली, हिरड्या आवळून आल्या. म्हणजे वीस वर्षं ठेवायला हरकत नाही ना? आणि सोतेर्न तर गोडच, ती टिकतेच ना?'

दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. 'जितकी तुरट तितकी टिकाऊ' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण १९७५च्या बोर्दोनं या वादाचा निकाल कधीच लावलाय. टॅनिन, म्हणजे वाइनला तुरटपणा देणारं द्रव्य, दणकट, म्हणून लोकांनी पेट्याच्या पेट्या तळघरात ठेवल्या. पुढं फळ, म्हणजे फळाची चव, आटलं आणि बऱ्याच बाटल्यांत नुसता तुरटपणा उरला. १९८२ची मात्र कोवळेपणीच मऊ, भरदार, आंबटपणा बेताचा. 'ही काय टिकणार' म्हणून काही अमेरिकी समीक्षकांनी नाकं मुरडली. रॉबर्ट पार्कर या दुसऱ्या अमेरिकी समीक्षकानं ती उचलून धरली आणि चांगल्या शातोंच्या, म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्यांच्या, बाटल्या चाळिशीतही खणखणीत निघाल्या.

टॅनिन किती आहे ते सोडा, कसं आहे ते बघा. कच्च्या केळ्याच्या सालीसारखं, घशाशी कडवट होणारं टॅनिन बियांचं आणि देठांचं असतं. ते बाटलीत पिकत नाही. पिकलेल्या द्राक्षाच्या सालीचं टॅनिन जांभळासारखं, सगळ्या हिरड्यांवर सारखं पसरतं. वर्षं जातात तसं ते रंगद्रव्यांशी जोडलं जातं, त्यातलं काही गाळ होऊन तळाशी बसतं आणि वाइन मवाळ होते. पण मुळात नसलेलं फळ काही नंतर येत नाही.

चाखताना ५० मिलि घ्या, १६ ते १८ अंशांना. त्याहून थंड असेल तर चांगलं टॅनिनही रखरखीत लागतं. पहिला घोट तोंड धुण्यापुरता. दुसरा दहा सेकंद घोळवून थुंका आणि मनात आकडे मोजा. आधी काय संपतं? फळ विरलं आणि तुरटपणा मागं रेंगाळला, तर बाटली चार-पाच वर्षांत पिऊन टाका. तुरटपणा ओसरल्यावरही फळ दहा-बारा सेकंद राहिलं, जिभेच्या कडांना लाळ सुटली, घोट मधेच पोकळ वाटला नाही, तर ठेवा. उरलेली अर्धी बाटली बूच लावून गार जागी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चाखा. नव्या ओक पिंपाचा व्हॅनिला पहिल्या दिवशी फळाचं सोंग घेतो. दुसऱ्या दिवशी नुसतं लाकूड उरलं तर समजा, फळ नव्हतंच.

सोतेर्नमध्ये लिटरला १२० ते १५० ग्रॅम साखर सहज असते, पण नुसती साखर म्हणजे पाक. १० अंशांना सुरुवात करा आणि १४पर्यंत चढू द्या; थंडीत लपलेला गोडवा तिथं उघडा पडतो. घोटानंतर तोंड चिकट न राहता स्वच्छ व्हायला हवं, शेवटी संत्र्याच्या सालीसारखा किंचित कडवटपणा हवा. केशर, जर्दाळू, मध असे वास आले तर द्राक्षं सुकवून गोडवा दाट करणाऱ्या बोट्रायटिस बुरशीनं काम नीट केलंय. कुबट वास म्हणजे पावसात नासलेली द्राक्षं. सोतेर्नमधल्या नामांकित शातो दिकेमनं २०१२ची वाइन बाजारात आणलीच नाही, ती उगाच नाही. नेलपॉलिशचा पुसटसा वास अशा वाइनमध्ये चालतो. तो घशात झोंबला तर नको, वयानं जात नाही. आणि तीन-चार वर्षांची बाटली आत्ताच तपकिरी दिसत असेल तर ती हवा लागून म्हातारी झालीय.

आता थोडे पण-परंतु. बोर्दो काही वर्षांनी मिटून बसते, तेव्हा चांगलीही मुकी लागते. एका बाटलीवरून निकाल देऊ नका. उघड्या बाटलीतली हवा घाईची असते, तळघरातल्या वीस वर्षांची बरोबरी तिला येत नाही. मुंबईच्या फ्लॅटमध्ये ३० अंशांना माळ्यावर ठेवणार असाल तर वरचं सगळं विसरा. १२ ते १४ अंश जमत नसतील तर याच वर्षी प्या.

हिरड्यांचा हवाला देणारा मित्र तरीही ऐकत नसेल, तर त्याला १९७५ची एक बाटली उघडायला सांगा. फक्त बोर्दोतल्या पोमरोल भागातली नको, तिथं तो जिंकेल.